काका, हा गेम पोराला चालेल का?

इथल्या मराठी मंडळाच्या अंकवाल्यांनी सांगितलं, काका, मस्कतला कसे आलात, काय कष्ट काढलेत, ते लिहा. मी म्हटलं, ते लिहिणार नाही. इथे प्रत्येकजण तसाच आला आणि प्रत्येकानं तेच काढले. लिहायचं तर कामाचं लिहीन, आणि मला पटेल तेवढंच. माझी शाळा चौथीपर्यंत. काना-मात्रा चुकली असेल तर ती त्यांनी बघावी, वाक्यांना हात लावू नये.

काम म्हणजे अल् खुवैरला, मंत्रालयांच्या मागच्या रस्त्यावर, आमच्या अर्बाबचं व्हिडिओ गेमचं दुकान. अर्बाब म्हणजे मालक, ओमानी माणूस. आधी त्याच दुकानातून व्हिडिओ कॅसेट भाड्यानं जायच्या आणि मी प्लेअर दुरुस्तीला होतो. कॅसेट गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या, गेम आले. गिऱ्हाईक तेच राहिलं. कॅसेटच्या काळात पुरुषमाणसं काउंटरवर वाकून हळूच विचारायची, काका, घरात सगळ्यांबरोबर बघता येईल ना? मी आधी बघून ठेवायचो आणि सांगायचो. गेम आल्यावर तीच माणसं, आता टक्कल पडलेली, विचारायला लागली, काका, हा पोराला चालेल का?

पगार मला विकण्याचा होता. सांगण्याचा नव्हता. तरी मी सांगायचो, आणि ‘नाही’ म्हटलेला गेम त्या पोराला माझ्या हातून कधी गेला नाही. अर्बाब चिडायचा.

ज्यांनी गेम बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ॲक्शन-ॲडव्हेंचर म्हणतात त्यात एक माणूस असतो किंवा बाई असते, तिला कुठेतरी पोचायचं असतं. वाटेत चढायचं, उड्या मारायच्या, बंद दरवाजे उघडायचे, काहीतरी शोधायचं आणि आडवा येईल त्याच्याशी मारामारी. आपल्या हातात बटणांचा कंट्रोलर. आपण दाबू तसा तो माणूस वागतो. डब्यावर आकडा छापलेला असतो. बारा असेल तर बारा वर्षांवरच्या पोराला चालेल, सोळा असेल तर सोळाच्या. अर्बाबचं म्हणणं, आकडा आहे ना, मग खलास, तू कशाला डोकं घालतोस? त्याचं चूक नव्हतं. आकडा लावणारे शिकलेले असतात, जबाबदारीनं लावतात. पण समोर उभा असलेला पोरगा त्यांनी बघितलेला नसतो. तो मी बघायचो.

इथली दुकानं दुपारी बंद असतात आणि उन्हं कलली की उघडतात. तेवढ्या वेळात मी शटर अर्धं ओढून नवा गेम लावायचो. उभ्यानं खेळायचो. मला तसंही एका जागी बसवत नाही, आणि बसलं की माणूस गेमच्या आत जातो, मग न्याय करता येत नाही. दुसरं म्हणजे आवाज बंद. एक तर शेजारचा शिंपी झोपलेला असायचा. आणि माझं मत असं की आवाज माणसाला फसवतो. ढोल वाजवून साधा जिनासुद्धा भीतीचा करून टाकतात. चित्र बघावं, आणि हात बघावा. पडद्यावर कुणी कुणाला मारलं ते पोरानं बघितलं, तो एक भाग. पण मारायचं बटण पोरानंच दाबायचं असेल, आणि समोरचा खाली पडून हात जोडत असताना दाबायचं असेल, तर तो गेम डब्यावर काहीही लिहिलेलं असो, मी बाजूला ठेवायचो. हत्यार नसलेली माणसं गेममध्ये असतात, बाजारातली, रस्त्यावरची. त्यांना मुद्दाम गाडीखाली घेऊन बघायचो, गेम काही बोलतो का. काहीच बोलला नाही, वर बक्षीस दिलं, तर तोही बाजूला.

बाप लोकांची तऱ्हा वेगळी. अझैबाला राहणारे एक साहेब होते, आपल्या पुण्याकडचे. मुलासाठी गेम घेताना मला कोपऱ्यात नेऊन म्हणाले, मारामारी कितीही असू दे काका, फक्त ते चुंबनबिंबन नको. त्या गेममध्ये नायक रस्त्यानं जाताना शंभर माणसं आडवी करतो आणि शेवटी बायकोचा मुका घेतो. मी म्हटलं, साहेब, अख्ख्या गेममध्ये तेवढीच एक गोष्ट तुमचा मुलगा पुढे आयुष्यात करणार आहे. त्यांना ते आवडलं नाही. गेम दुसरीकडून घेतला.

पोरंही वस्ताद. त्यांचं मराठी अडखळतं, पण वकिली चोख. एक मुलगी मला पटवत होती, काका, ओन्ली रोबोट्स आहेत, रक्त नाही. मी लावून बघितला. रोबोचा हात उपटला की काळं तेल उडतं, आणि तो आईला हाक मारतो. मी म्हटलं, बाळा, हे तेल मला रक्तासारखंच दिसतंय. ती म्हणाली, पण काका, तुम्हाला नीट दिसत नाही ना. तिला तो दिला. जिला एवढं बोलता येतं तिचं रोबो काय वाकडं करणार.

माझा स्वतःचा मुलगा गावी वाढला, लांज्याला. तो काय बघायचा, काय खेळायचा, हे मला कुणी विचारलं नाही. सुट्टीला गेलो की तो माझ्या पाया पडायचा आणि खेळायला निघून जायचा. इथल्या बापांना मी जे ठासून सांगायचो ते मला माझ्या घरात सांगायला मिळालं नाही. असो. ते लिहायचं नव्हतं.

लिहायचंय ते नजीरच्या पोराचं.

नजीर दापोलीच्या खाडीकडचा, मासळीच्या गाडीवर ड्रायव्हर. वादी अदाईला माझ्या खोलीच्या वरच्या मजल्यावर बायको आणि एका मुलासह राहायचा. मुलगा झैद, तेव्हा तेरा वर्षांचा, इंडियन स्कूलला. मी रोज नजीरच्या गाडीतून अर्ध्या रस्त्यापर्यंत यायचो, म्हणजे ओळख चांगली. बाहेरच्यांना सांगायला हवं, इथे वादी म्हणजे कोरडी नदी. वर्षभर तिच्यात दगडगोटे आणि बकऱ्या. डोंगरात पाऊस पडला की आपल्याकडे थेंब नसताना ती एकदम भरून येते. आणि प्रत्येक पावसात कोणीतरी शहाणा पाण्याकडे बघून म्हणतो, गाडी उंच आहे, निघेल. मोठी गाडी हातात आली की इथे सगळ्यांनाच हा रोग होतो, ओमानी असो की कोकणी.

त्या वर्षी डोंगरापलीकडच्या आमरातहून परत येताना नजीरनं गाडी भरल्या वादीत घातली. बरोबर झैद. मध्ये इंजिन बंद पडलं, गाडी वाहत जाऊन एका खडकाला अडकली. पाणी पोराच्या गळ्यापर्यंत आलं. काठावरच्या ओमानी पोरांनी दोर टाकून दोघांना ओढून काढलं. कुणाला खरचटण्यापलीकडे लागलं नाही. सगळे म्हणाले, अल्लानं वाचवलं, देवानं वाचवलं, आणि पेढे वाटले. मीही खाल्ला.

पण झैद गाडीत बसेना. आधी ढग आले की शाळा बुडवायचा, मग कोरडं ऊन असलं तरी. शाळेचा रस्ता वादीच्या कडेनं जातो. बस आली की पोटात दुखायचं. शाळेतून दोनदा बोलावणं आलं. मग त्याच्या आईनं ठरवलं की त्याला दापोलीला आजोळी पाठवायचं, तिथल्या शाळेत घालायचं. पाण्याला घाबरणाऱ्या पोराला कोकणात पाठवतात, हे मी नजीरला बोलून दाखवलं. तो हसला नाही. म्हणाला, ईद झाली की जाईल.

तेव्हाच तो गेम आला. डब्यावर बारा. एक मुलगी असते, धरणाच्या वरच्या गावातली, तिचा भाऊ पलीकडे अडकलेला. ती जुन्या भिंती चढत, पंप चालू करत, चोरांना चुकवत त्याच्याकडे निघते. मारामारी थोडी, तीही काठीनं. मुलं या गेमसाठी वेडी झाली होती. झैदनंही बापाकडे मागितला. गेल्या कित्येक दिवसांत पोरानं पहिल्यांदा काही मागितलं होतं.

नजीर दुकानात आला. माझं गिऱ्हाईक तो नव्हे, त्यामुळे मला नवल वाटलं. डबा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, काका, पोराला चालंल का? मी म्हटलं, बघून सांगतो.

दुपारी लावला. छान होता. मुलगी कुणाला पडल्यावर मारत नाही, बाजारातल्या माणसांना धक्का लागला तर माफी मागते. मी जवळजवळ ‘हो’ ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात धरणाखालचा बोगदा आला. मागून दरवाजा बंद होतो, पाणी चढायला लागतं, घोट्यापासून छातीपर्यंत. मग पूर्ण पाण्याखालून पोहत जायचं, कोपऱ्यात श्वासाची निळी पट्टी कमी होत जाते. पट्टी संपली की मुलगी हात मारते, तडफडते, आणि पडदा काळा. मग पुन्हा बोगद्याच्या तोंडाशी. मी पाच-सहा वेळा बुडालो. कंट्रोलर ठेवला आणि दुकानभर फिरलो. डबे नीट लावले, पुन्हा बिघडवून पुन्हा लावले. दुसऱ्या कोणत्याही पोराला मी तो डोळे मिटून दिला असता. या पोराला कसा द्यायचा?

संध्याकाळी नजीरला बोगद्याचं सांगितलं. वाटलं होतं, घाबरेल. तर तो सुटल्यासारखा दिसला. म्हणाला, मग तुमी नाय म्हना. तो माझा ऐकत नाय, तुमचा ऐकंल. मी म्हटलं, मी अजून ठरवलेलं नाही. तो म्हणाला, ठरवायचा काय त्यात, नाय म्हना नि खलास.

मला ते लागलं. मी नाही म्हणेन, पण माझ्या मनानं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी कधी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही, मग तो अर्बाब असो की नजीर. तोंडावर तसं सांगितलं. दोन दिवस त्यानं मला गाडीत घेतलं नाही. मी टॅक्सीनं आलो-गेलो, पण शब्द बदलला नाही.

तिसऱ्या दिवशी जिन्यात झैद उभा. माझीच वाट बघत होता. म्हणाला, “काका, अब्बा म्हणतात तुम्ही नो बोलणार.”

मी म्हटलं, अजून बोललो नाही.

“आय नो त्यात वॉटर आहे. माझ्या फ्रेंडनी दाखवलं. म्हणून तर पाहिजे.”

कशाला पाहिजे, विचारलं. पोरगा शब्द शोधत राहिला. इंग्रजीत चटकन सांगितलं असतं, पण मला कळावं म्हणून मराठीत जुळवत होता.

“गाडीत मी काहीच करत नव्हतो, काका. नुसता बसलेलो. इथे करता येतं.”

माझा आयुष्यभराचा हिशोब, हातानं काय करावं लागतं ते बघा, हा होता. पोरगा त्याच गोष्टीवर बोट ठेवून मला उलटं सांगत होता. तरी मी ‘हो’ म्हटलं नाही. तेरा वर्षांच्या पोराला आपलं काय दुखतंय ते कळतं, पण किती सोसेल ते कळतंच असं नाही. मी म्हटलं, उद्या दुपारी दुकानात ये. माझ्या समोर खेळ. मग सांगतो. आणि अब्बाला घेऊन ये, तू एकटा येऊ शकत नाहीस.

म्हणजे गाडीत बसून यावं लागणार होतं. हे मी मुद्दाम केलं नव्हतं, पण बोलून गेल्यावर लक्षात आलं. रात्रभर वाटत राहिलं की पोरगा येणार नाही आणि प्रश्न सुटेल.

आले दोघं. नजीरनं वादीचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं डोंगराला वळसा घालून आणलं होतं. पोरगा घामानं भिजलेला, पण आला. नजीर माझ्याशी बोलला नाही. दाराशी उभा राहिला, किल्ली हातात खेळवत. मी शटर अर्धं ओढलं, झैदला स्टूल दिलं. आवाज बंद करायला गेलो तर पोरगा म्हणाला, नाही काका, साउंड पाहिजे, पाणी येतंय ते साउंडनी कळतं. शिंपी उठला तर उठू दे म्हटलं.

बोगदा आला. दरवाजा बंद झाला. मी तोपर्यंत त्या पाण्याचा आवाज ऐकलेलाच नव्हता. आधी नुसती खरखर, मग गडगडाट, आणि मग सगळं पाण्याखाली गेल्यावर एकदम बंद. फक्त मुलीच्या छातीतला ठोका. झैद बुडाला. पडदा काळा. मी त्याच्या मानेकडे बघत होतो, ती ताठ झाली होती. मी म्हटलं, बस का? त्यानं मान हलवली आणि पुन्हा सुरू केला. पुन्हा बुडाला. शिवी दिली, इंग्रजीत, मला कळली, पण मी कानाआड केली. पुन्हा सुरू केला. आता तो पुढे वाकला होता. वरच्या दगडाखाली हवेचा एक कप्पा आहे, तो त्याला सापडला. मुलीचं डोकं पाण्यावर आलं, तिनं मोठा श्वास घेतला, आणि या पोरानंही घेतला. मी पाहिलं, त्याचे खांदे खाली आले.

मला वाटलं, झालं. ‘हो’ म्हणायला मी वळलो. दाराशी नजीर नव्हता.

बाहेर होता. दुपारच्या उन्हात, जिथे कुत्रंसुद्धा उभं राहत नाही तिथे, गाडीच्या बॉनेटला टेकून. मी विचारलं, काय झालं रे?

म्हणाला, “तो आवाज बंद करा, काका.”

मी म्हटलं, पोरगा ठीक आहे, आत येऊन बघ. तो आत यायला तयार नव्हता. मग तुटक तुटक सांगायला लागला. गाडीच्या दाराच्या फटीतून पाणी आत आलं तेव्हा असंच वाजत होतं. पोरगा एक अक्षर बोलत नव्हता, नुसता त्याच्याकडे बघत होता. काठावर लोक हात हलवून ‘नको नको’ करत होते, ते नजीरनं पाहिलं होतं. पाहून गाडी घातली होती. आणि पोरानं आजपर्यंत एकदाही विचारलं नाही, अब्बा, का घातलीत? घरात तो गेम लागला तर रोज तो आवाज. आणि एक दिवस पोरगा विचारेल.

तेव्हा मला कळलं की आजोळी पाठवायची घाई एकट्या आईची नव्हती.

मी आयुष्यात शेकडो बापांना निकाल सांगितले असतील, पण असा पहिल्यांदाच. मी म्हटलं, “नजीर, पोराला हा गेम चालेल. तुला चालणार नाही. पण तो घरात येणार, कारण मी आता ‘हो’ म्हणणार आहे.”

वाटलं, दोन शब्द सुनावेल, किंवा गाडी काढून निघून जाईल. आतून पुन्हा पाण्याचा गडगडाट सुरू झाला, पोरगा पुढच्या बोगद्यात शिरला असावा. नजीरनं किल्ली खिशात टाकली. शटरखालून वाकून आत गेला. मी मागोमाग.

झैदनं गेम थांबवला. बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, निकाल कुणाकडून येतोय ते त्याला कळेना. नजीर त्याच्या शेजारी जमिनीवर बसला, कारण दुसरं स्टूल नव्हतं. म्हणाला, “गाडी मी घातली होती. लोक नको म्हणत होते. मी बघितला होता त्यांना.”

पोरगा म्हणाला, “आय नो. मीपण बघितलं.”

बस, एवढंच. मी दोघांच्या मागे रॅकमधले डबे काढायला लागलो. नजीरनं हात पुढे केला, कंट्रोलर मागितला. मासळीचे खोके उचलून राकट झालेले ते हात, त्यांत ते खेळणं नीट बसेना. विचारलं, “वर यायचा बटन कंचा?”

झैदनं त्याचा अंगठा धरून बटणावर ठेवला.

नजीर किती बुडाला ते विचारू नका. माझ्याहून जास्त. उन्हं कलली, गिऱ्हाईक शटर वाजवायला लागलं, अर्बाबचा फोन आला, मी म्हटलं, येतो, इन्शाल्ला, आणि उघडलं नाही.

ईद झाली. पोरगा आजोळी गेला नाही. गाडीत बसायला त्याला अजून वेळ लागला, आणि ढग आले की आजही तो खिडकीकडे बघतो. गेमनं बरं केलं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. उद्या कोणीतरी हे वाचून आपल्या घाबरलेल्या पोराला असाच गेम देईल आणि पोर आणखी बिथरेल. मला त्याची काळजी वाटते, आणि लिहू की नको असं दहादा झालं. आवाज बंद करून बघायची माझी पद्धतही मी बदललेली नाही. पण आता बाप बरोबर असेल तर एकदा आवाज लावतो आणि पडद्याकडे न बघता बापाकडे बघतो.

आता तेही कमी झालंय. गेम तारेतून थेट घरात येतात, पोरं बटण दाबून घेतात, विचारायला दुकानापर्यंत यावं लागत नाही. अर्बाब म्हणतो, दुकान मोबाइलच्या कव्हरांना देऊ. देईलही. मी अजून रोज जातो, फेऱ्या मारतो.

मागच्या आठवड्यात नजीर आला. त्या गेमचा दुसरा भाग निघालाय, त्यात पाणी नाही, आग आहे म्हणे. झैद आता पंधरा-सोळाचा. मी डबा काढला आणि म्हटलं, उद्या ये, दुपारी बघून सांगतो. नजीरनं डबा माझ्या हातातून घेतला.

म्हणाला, “काका, आधी मी बघतो. मग तुमी बघा.”

मला राग आला. इतक्या वर्षांत माझ्याआधी कुणी बघितलं नव्हतं. पण डबा मी परत मागितला नाही.